दुसऱ्या रविवारचे दीडशे किलोमीटर

भडगाव,
१२ जानेवारी २०२५

चि. रविंद्रराव यांस चिंधा बिऱ्हाडे यांचा सप्रेम जय भीम.

परवा तुमचा फोन आला. तुम्ही ‘आबा’ म्हणालात, मी ‘हां’ म्हणालो आणि पुढे आपण दोघेही गप्प राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात पाहिले तर तीन मिनिटे गेली होती. मग तुम्ही ‘गाडी विकायची म्हणतो’ एवढे बोललात आणि फोन ठेवलात. म्हणून पत्र लिहितो. पाचोरा आगारात मी एकतीस वर्षे मेकॅनिक होतो. तोंडी सांगितलेला बिघाड ड्रायव्हर विसरतो, कागदावर लिहिलेला राहतो. तीच सवय आहे.

गाडी आमच्या समीक्षाने स्वतःच्या पगारातून घेतली होती. ती गेली, आता गाडी तुमची आहे. विकायची की ठेवायची हा तुमचा हक्क. मी जुना मेकॅनिक म्हणून दोन-तीन गोष्टी विचारतो. किती किलोमीटर झाली? कुठे घासली आहे का? धुळ्यात कोणी भाव सांगितला का?

दोन महिने उभी असेल तर बॅटरी उतरली असेल. हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर सोडा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. नाहीतर ब्रेक चिकटतात.

इकडे ठीक आहे.

चिंधा बिऱ्हाडे


देवपूर, धुळे,
२० जानेवारी २०२५

आदरणीय आबांना सविनय जय भीम.

पत्र मिळाले. हँडब्रेक ओढलेलाच होता. सोडला. गाडी धक्का मारून चालू केली.

किलोमीटर ४१,३०० झाले आहेत. समीक्षाचे रुग्णालय बावीस किलोमीटरवर, पण सगळ्या पाळ्यांना ती गाडी नेत नसे, म्हणून कमी आहेत. मागच्या बंपरला उजव्या कोपऱ्यात घासले आहे. ते माझ्या हातून झाले. तिच्या हातून गाडी कधी लागली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला नवलशेठ म्हणून जुन्या गाड्यांचे एजंट आहेत. त्यांना बोलावले. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडले नाही. म्हणाले, “साहेब, मारुतीची वॅगन आर, पांढरी, पेट्रोल, एक हात. ही विकावी लागत नाही, लोक मागून नेतात. पाच साठला घेतलेली, सहावं वर्ष चालू, तरी मी आज उभ्या उभ्या तीन नव्वद देतो. दुसरी कुठली असती तर निम्म्यावर आली असती, आणि गिऱ्हाइकांना चहा पाजून तुमची साखर संपली असती.”

मग दार उघडून त्यांनी ड्रायव्हरची सीट पाहिली. ती पार पुढे आहे. “बाईमाणसाने चालवलेली दिसते. मग पाच हजार वरचे माझ्याकडून.” मी गाडीचे दार लावून घेतले. मग बहुधा त्यांच्या लक्षात आले. चहा न घेता गेले.

गाडी दारातच उभी असते. जिल्हा परिषदेत जाताना दिसते, येताना दिसते. म्हणून विकायची म्हणतो. आपला सल्ला कळवावा. आईंना नमस्कार.

आपला,
रविंद्र


भडगाव,
२ फेब्रुवारी २०२५

चि. रविंद्रराव यांस सप्रेम जय भीम.

नवलशेठनी सांगितलेला भाव बरोबर आहे. माणूस लबाड वाटत नाही.

पण तो भाव बरोबर आहे म्हणूनच घाई करू नये असे माझे मत आहे. या कंपनीच्या गाडीचा पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि कुठलाही मेकॅनिक ती उघडू शकतो. त्यामुळे तिची किंमत सहज पडत नाही. सहा महिने, वर्ष थांबलात तरी दहा-वीस हजारांच्या वर फरक पडणार नाही. आधी आरटीओत जाऊन गाडी तुमच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद लागतील. तसे केल्यावर तुम्ही दुसरे मालक व्हाल आणि भाव थोडा उतरेल, पण ते करावेच लागते. कागद खोटा ठेवून गाडी विकू नये.

तोवर गाडी नुसती उभी ठेवू नका. महिन्यातून एकदा, एकाच दिवशी, दीडशे किलोमीटर चालवावी. पंच्याहत्तर जाताना. मग बंद करून सावलीत दोन तास उभी करावी, इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. मग परतीचे पंच्याहत्तर. यामुळे बॅटरी, टायर, सगळे नीट राहते आणि किंमत टिकते. दुसरा रविवार यासाठी बरा. तुम्हालाही सुट्टी असते. आम्हीही दुसऱ्या रविवारी कुठे जात नाही, घरीच असतो.

पारोळ्याकडचा रस्ता आता चांगला झाला आहे असे ऐकतो.

सीट मागे सरकवून घ्या. एका जागी राहिली तर खालची रेल गंजते, आणि तुमची उंचीही जास्त आहे. आकडा दर महिन्याला कळवत जा. मी वहीत लिहून ठेवीन.

चिंधा बिऱ्हाडे


धुळे,
१२ मार्च २०२५

आदरणीय आबांना सविनय जय भीम.

आपण लिहिल्याप्रमाणे दोन्ही महिने गाडी चालवली. फेब्रुवारीत शिरपूरपर्यंत गेलो, पण ते जाऊन-येऊन एकशे चारच भरले. म्हणून या ९ तारखेला आणखी पुढे, पळासनेरपर्यंत नेली. बरोबर दीडशे झाले. तिथे एका ढाब्यावर लिंबाखाली दोन तास उभी केली. ढाबेवाल्याने विचारले, “साहेब, बंद पडली का?” मी म्हटले, नाही, गार होते आहे. तो म्हणाला, “मार्चमध्ये? मग दिवाळीपर्यंत बसा.” दोन चहा घेतले. बरोबर दोन तासांनी निघालो.

पारोळ्याकडचा रस्ता चांगला झाला आहे हे मीही ऐकले. पण हायवेला गाडी एका वेगात चालते, म्हणून तिकडे नेली. आपल्या दृष्टीने चूक झाली असल्यास कळवावे.

सीट अजून सरकवली नाही. गुडघे स्टिअरिंगला लागतात, पण चालवता येते.

आकडा ४१,५५४.

आपला,
रविंद्र


भडगाव,
१८ मार्च २०२५

चि. रविंद्रराव यांस सप्रेम जय भीम.

हायवेला नेलीत यात चूक काही नाही. एका वेगात गाडी चांगली चालते हे खरे आहे.

आकडा लिहून घेतला.

९ तारखेला समीक्षाच्या आईने वरणबट्टी केली होती. जास्त झाली. शेजारच्या कुंदाबाईंकडे दिली.

तुमचे पत्र मी तिला वाचून दाखवले. ऐकून म्हणाली, “गाडीनं बठ्ठं बरं शे. जवाईबापूनं कसं शे, ते लिखेल नही.” मी म्हटले, पत्र गाडीबद्दल आहे, तर सगळे गाडीचेच असणार. तर म्हणाली, “तुमले दोन्हीसले गाडीबिगर चावळता येस नही का?” तिला वाटते माणसांनी सारखे बोलत राहावे. तिच्या माहेरी सगळेच तसे आहेत.

तरी तिने विचारले म्हणून विचारतो. जेवणाचे काय करता? डबा लावला आहे की तुमच्या आई करतात?

एप्रिलमध्ये ऊन वाढेल. निघण्यापूर्वी टायरची हवा पाहून घ्या. दुसरा रविवार १३ तारखेला आहे. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची जयंती, म्हणजे तुम्हाला जोडून सुट्टी मिळेल.

चिंधा बिऱ्हाडे


धुळे,
१५ जून २०२५

आदरणीय आबांना सविनय जय भीम.

पत्राला फार उशीर झाला. कार्यालयात टँकरचे काम होते. एप्रिल, मे आणि जून, तिन्ही महिने दुसऱ्या रविवारी गाडी दीडशे किलोमीटर चालवली. आकडा ४२,००४. जेवण आई करते.

आरटीओचे काम झाले. गाडी माझ्या नावावर झाली. तिच्या नावाचे जुने आरसी कार्ड त्यांनी जमा करून घेतले. देण्याआधी मी त्याची झेरॉक्स काढली होती, ती सोबत पाठवतो. नवलशेठ भेटले होते. म्हणाले, “दोन नंबर लागला तरी ऐंशीच्या खाली येत नाही. मारुती आहे.” म्हणजे तीन ऐंशी.

एक गोष्ट लिहितो, गैरसमज नसावा. आपण दर महिन्याचा आकडा मागता, तेव्हा माझ्या मनात येते की गाडीची किंमत माझ्या निष्काळजीपणाने कमी होऊ नये असे आपल्याला वाटत असेल. ते योग्यच आहे. गाडी तिच्या कमाईची होती आणि तिला शिकवले आपण. गाडी विकून जे येईल त्यातला निम्मा भाग मी आपल्याकडे पाठवीन. हे मी आधीच ठरवले होते, लिहायचे राहिले होते.

आपला,
रविंद्र


भडगाव,
२२ जून २०२५

चि. रविंद्रराव यांस सप्रेम जय भीम.

पैशांबद्दल पुन्हा लिहू नये.

झेरॉक्स मिळाली. तिच्या नावापुढे मालक क्रमांक एक असे आहे. तिच्या आईने ती नर्सिंगच्या सर्टिफिकेटाबरोबर ठेवली.

पावसाळ्यातही महिन्याचे चालवणे सोडू नका. वायपरचे रबर बदला. आकडा कळवायचा नसेल तर कळवू नका. मी सवयीने मागत होतो.

चिंधा बिऱ्हाडे


धुळे,
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आबांना सविनय जय भीम.

तीन महिने पत्र लिहिले नाही. लिहायला बसलो, पण जे लिहायचे ते सोडून दुसरेच लिहिले जाई, म्हणून फाडले. आज सगळे लिहितो.

आधी गाडीचे. गेल्या महिन्यात लहान नव्या गाड्यांवरचा कर कमी झाला, हे आपण वाचले असेल. नवलशेठ स्वतः घरी आले. “साहेब, नवीच साठ हजारांनी उतरली, मग जुनी कुठे टिकणार? दसऱ्याला लोकांनी शोरूमसमोर रांगा लावल्या. मारुती असली म्हणून काय झालं, नवी मारुती पण मारुतीच आहे. आता तीन पंचेचाळीस. पुढच्या महिन्यात मला विचारूच नका.” जाताना म्हणाले, “मी जानेवारीतच म्हणत होतो. ते तुमचे मेकॅनिक सासरे कुठे आहेत? त्यांना विचारा, आता काय करायचं.”

म्हणून विचारतो, आता काय करायचे?

आता दुसरे. माझ्या आईने माझ्यासाठी साक्रीचे एक स्थळ पाहिले आहे. कामिनी नाव आहे, तिथे शाळेत शिक्षिका आहे. बोलणी मे महिन्यापासून चालू आहेत. तेव्हा समीक्षाला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. मी नाही म्हणत होतो. नंतर एकदा कामिनीशी बोललो. तिने मला समीक्षाबद्दल विचारले आणि मी दीड तास सांगत राहिलो. ती ऐकत होती. त्यानंतर मी नाही म्हणणे सोडले. तिच्या घरच्यांची एकच अट आहे. लग्नाआधी पहिल्या बायकोची गाडी दारातून गेली पाहिजे.

हे मी जूनमध्येच लिहायला हवे होते. निम्म्या पैशांचे लिहिले, पण हे लिहिले नाही. आपण तेव्हा रागावलात ते योग्य होते.

मी तिकडे का आलो नाही, तेही लिहितो. जुलैत आणि ऑगस्टमध्ये मी गाडी घेऊन पारोळ्यापर्यंत आलो होतो. तिथून भडगावचा फाटा दिसला. आपण दोघे दारात याल आणि मला काय खाणार म्हणून विचाराल, आणि माझ्या मनात हे स्थळाचे असेल, असे वाटले. दोन्ही वेळा परत फिरलो आणि हायवेला लागून दीडशे पूर्ण केले. आकडा ४२,४५४.

गाडी कधी विकायची ते आपण सांगाल तसे करीन. थांबा म्हणालात तर थांबतो, मग साक्रीचे जे व्हायचे ते होऊ दे. हे मनापासून लिहितो.

आपला,
रविंद्र


भडगाव,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रविंद्रराव यांस सप्रेम जय भीम.

गाडी विका. नवलशेठ जो भाव देतील तो घ्या. आता थांबण्यात अर्थ नाही. कराचे मला आधी कळणे शक्य नव्हते, पण किंमत टिकेल असे मी छातीठोकपणे लिहिले होते आणि माझ्या सांगण्यावरून तुमचे पंचेचाळीस हजारांचे नुकसान झाले. नवलशेठना सांगा, मेकॅनिक चुकला.

दुसरी चूक मोठी आहे. बॅटरीसाठी आठवड्यातून एकदा गल्लीतून वीस मिनिटे फिरवली तरी गाडी चांगली राहते. महिन्याला दीडशे किलोमीटर असे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. धुळे ते भडगाव पंच्याहत्तर किलोमीटर आहे, म्हणून मी तो आकडा लिहिला. इंजिन गार करायचे दोन तास हे जेवणाचे होते.

सरळ या म्हणून लिहायला हवे होते. पण मुलगी गेल्यावर जावयाला बोलवायचे ते कोणत्या नात्याने, हे मला कळले नाही. ती होती तेव्हाही तुम्हाला तीच घेऊन येत असे. मी कधी बोलावलेच नव्हते, गरज पडली नव्हती. आणि माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

दर दुसऱ्या रविवारी बाराच्या सुमारास मी ओट्यावर बसतो. पांढरी वॅगन आर वळली की उठतो. या गावात पांढऱ्या वॅगन आर सात आहेत, हे मला या वर्षी कळले. फेब्रुवारीपासून वरणबट्टी दर वेळी जास्त झाली. कुंदाबाई आता त्या दिवशी स्वयंपाकच करत नाहीत, आमच्या ताटाची वाट पाहतात. आजही दुसरा रविवार आहे. आजही तसेच झाले.

तुम्हाला वाईट वाटावे म्हणून हे लिहीत नाही. आगारात चुकीचा रिपोर्ट गेला तर ज्याने दिला त्यानेच तो दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून लिहिले.

लग्न करा. समीक्षाची आई आणि मी दोघेही हे विचार करून सांगतो. पत्र वाचल्यावर ती थोडी रडली, मग म्हणाली, दीड तास ऐकणारी आहे म्हणजे बरी आहे. कामिनीबाईंना आमचा जय भीम कळवा. गाडीबद्दल त्यांच्या घरच्यांचे चुकत नाही. दारात उभी असली की ती दिसतेच, हे तुम्हीच मला जानेवारीत लिहिले होते.

गाडी विकल्यावर महिन्याला इकडे येण्याचे काही कारण तुम्हाला राहणार नाही. मी बराच विचार केला, पण दुसरे कारण सुचत नाही. म्हणून कारणाशिवाय लिहितो. वाटेल तेव्हा या. लग्नानंतरही या.

ही म्हणते, हे पण लिहा: “जवाईबापू, गाडी गयी ते जाऊ द्या. तुम्हीन या.”

चिंधा बिऱ्हाडे


धुळे,
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आबांना सविनय जय भीम.

शुक्रवारी गाडी दिली. नवलशेठनी तीन पन्नास दिले. मी म्हटले, ठरले तर पंचेचाळीस होते. म्हणाले, “वरचे पाच मी जानेवारीत बोललो होतो. बाईमाणसाने चालवलेल्या गाडीचे. भाव पडला म्हणून ते पडत नाहीत.” आपला निरोपही दिला. ते म्हणाले, “मेकॅनिक कसला चुकतो, सरकारने कर कमी केला.”

सीट मी शेवटपर्यंत सरकवली नव्हती. नवलशेठ आत बसले तेव्हा त्यांचे पोट अडले, म्हणून त्यांनीच खालचा दांडा ओढला. एका झटक्यात मागे गेली. रेल गंजली नव्हती, हे आपल्याला कळवावेसे वाटले. शेवटचा आकडा ४२,४६१. वहीत लिहून घ्यावा.

काल सकाळी दूध आणायला निघालो आणि दारातल्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच गेलो. सवय जायला वेळ लागेल.

आपले पत्र मी कामिनीला वाचायला दिले. परत देताना तिने विचारले, “दुसरा रविवार कधी आहे?” मी म्हटले, ९ तारखेला. ती म्हणाली, “मग मला काय सांगता? त्यांना कळवा.”

म्हणून कळवतो. ९ तारखेला येतो. सकाळी धुळ्याहून पारोळा आणि तिथून पुढे भडगाव, असा एसटीने येतो. पाचोरा आगाराची गाडी मिळाली तर बरे, आपल्याला तिचा आवाज आधी कळेल. पांढरी वॅगन आर पाहून उठू नका. मी स्टँडवरून चालत येईन.

आईंना सांगावे की माझे कसे आहे ते आल्यावर सांगतो, पत्रात लिहिता येत नाही. आणि कुंदाबाईंना सांगावे की त्या दिवशी घरी स्वयंपाक करावा.

समीक्षाला १७ तारखेला वर्ष होते. तोवर रजा टाकली आहे. इंजिन नाही, त्यामुळे दोन तासांचा हिशेब धरू नये. राहायलाच येतो आहे.

आपला,
रविंद्र